हसुराम नाखव्याचा तिसरा कौल

मंडळी, ऐका! नमन झालं, बुक्का लागला, माइकवाल्यानं तिसऱ्यांदा 'हॅलो, हॅलो' करून घेतलं. आता पाय दुमडा आणि ते मोबाइल बंद करा. देवीला तुमची रिंग ऐकायची नाही!

आख्यान लावण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, मोठ्यानं दिलंत तर शेजारचा हसेल. प्रश्न असा — तुम्ही देवाला विचारायला जाता, की देवाची सही घ्यायला जाता?

हां! लगेच माना खाली! त्या खांबाला टेकून बसलेल्या काकांनी तर डोळेच मिटले. काका, समाधी नंतर लावा, आधी ऐका. कागद आपणच लिहायचा, मजकूर आपणच ठरवायचा, आणि देवापुढे धरून म्हणायचं — 'तुझी इच्छा!' त्याची इच्छा? तुम्ही त्याला वाचायला तरी दिलंत का?

ह्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. हसुराम नाखवा देईल. पेटीवाले, सूर धरा... आणि जांभई नंतर द्या!

तर करंजखोल नावाचं गाव. खाडीच्या काठावर कोळीवाडा, टेकाडावर जाखादेवीचं देऊळ, आणि खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली आडवा वाळूचा पट्टा. हा पट्टा ध्यानात घ्या! खाडीतली प्रत्येक होडी त्याच्यावरूनच बाहेर जाते आणि त्याच्यावरूनच घरी येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, तेव्हा पट्ट्यावर भरपूर पाणी. पण अष्टमी-नवमीला — कोळी ज्याला भांग म्हणतात — भरती येते ती नावापुरती. पूर्ण भरतीला सुद्धा पट्ट्यावर अडीच हात पाणी. हे करंजखोलात कोणाला शिकवावं लागत नाही.

त्या गावात हसुराम. वय बावन्न, मिशी अशी, छाती अशी, आणि आवाज? तो हळू बोलला तरी खाडीपलीकडे ऐकू जायचा. समुद्रात हुशार हो! पाण्याचा रंग बघून सांगेल, इथे जाळं टाक, इथे नको. ते श्रेय त्याला देऊ. मला त्याची मापं काढायची आहेत, ती खोटी काढून चालणार नाहीत.

बापापासूनची त्याची होडी गेल्या पावसाळ्यात कायमची बसली. बूडच गेलं. लाकडं फोडून चुलीत घातली. आता कोळीवाड्यात हिशेब सोपा असतो मंडळी — ज्याची होडी तो नाखवा. होडी नाही, तो दुसऱ्याच्या होडीवरचा खलाशी. मधे तिसरं काही नाही! आजवर ज्यांना हाक मारून बोलावलं, त्यांच्याच रांगेत उभं राहायचं. हसुरामला रात्रंदिवस हेच खात होतं, आणि त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

घरात कमावणारी माणसं तीन. हसुराम, त्याची बायको चांगुणा, आणि चांगुणेचा भाऊ दामाजी — इंजिनावर हात बसलेला, तोंडानं मुका म्हणावा इतका गरीब. आणि पुंजी? थोडे साठवलेले पैसे, आणि चांगुणेच्या गळ्यातलं सोनं. तिच्या आईनं मासळीची टोपली डोक्यावर वाहून वाहून केलेलं सोनं! सगळं मिळून सात लाख. त्यातच होडी, त्यातच जाळी, त्यातच डिझेल आणि बर्फ. आकडा एकदाच सांगितला. पुन्हा सांगणार नाही, हे कीर्तन आहे, पतपेढी नाही.

आता होड्या दोन होत्या.

एक होती खाडीपलीकडच्या गावात. एक म्हातारा नाखवा, गुडघे गेलेले, मागे कोणी नाही. त्याची फायबरची होडी, सपाट बुडाची, दोन सिलिंडरचं इंजिन. दिसायला? काही नाही! रंग उडालेला, नाक बसकं. पण चांगुणा स्वतः तरीतून पलीकडे गेली. होडीच्या बुडावर बोटाच्या पेरांनी ठोकून ठोकून आवाज ऐकला. मग म्हाताऱ्याच्या घरी चहा घेतला, आणि म्हाताऱ्याला नाही — म्हातारीला विचारलं, "का विकतंय?" किती हुशार बाई बघा! नवरा होडीबद्दल थापा मारेल, पण त्याची वाट बघत किनाऱ्यावर उभी राहिलेली बायको कशाला मारेल? म्हातारी म्हणाली, "बाय, आदीची येक आनि ही येक, बत्तीस वर्सांत दोन होड्यांनी यांना घरी आनलाय. आता गुडगं आनत नाय." चांगुणा परत आली, म्हणाली, "हीच घ्यायची. च्यार लाखांत देतान. जाल्यांना, डिझेलला पैसं उरतान."

आणि दुसरी होती मोठ्या बंदरात. ट्रॉलर! बेचाळीस फूट! सहा सिलिंडर! वर केबिन, केबिनला काचा, काचांना पडदे. मंडळी, पडदे! मासळीला लाज वाटू नये म्हणून! हसुराम धक्क्यावर उभा राहिला आणि तिच्याकडे बघतच राहिला. दलाल हुशार, तो काही बोललाच नाही. त्यानं फक्त हसुरामला केबिनमध्ये नेऊन बसवलं आणि सुकाणूवर हात ठेवू दिला. झालं! वकील नको, साक्षीदार नको, तिथेच सौदा झाला. घासाघीस करून दलाल उतरला तो बरोबर हसुरामच्या सगळ्या पुंजीवर.

का बरं हवा होता ट्रॉलर? मासे जास्त मिळतील म्हणून? अहो, तसं तो सांगत होता! खरं कारण वेगळंच. करंजखोलात दरवर्षी चैत्र वद्य नवमीला जाखादेवीची पालखी समुद्रावर जाते, आणि जाते कोणाच्या होडीतून? गावात जी सगळ्यांत लांब होडी असेल तिच्यातून. गावचे जाणते दोरी लावून मोजतात. नऊ वर्षं तो मान धर्मा नाखव्याकडे होता. हसुराम नऊ वर्षं किनाऱ्यावर उभा राहून हात जोडत होता. देवीला जोडत होता की काय, ते देवीला माहीत. डोळे मात्र धर्माच्या डोक्यावरच्या मानाच्या फेट्यावर.

म्हणजे पाहा! वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. त्यातल्या एका संध्याकाळसाठी हा होडी निवडतोय! हसू नका. तुमच्या घरातली ती सहा खुर्च्यांची जेवायची टेबलं कशासाठी आणलीत, ते मी विचारत नाही. जेवता अजून टीव्हीसमोरच.

घरी आला. चांगुणा ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती. त्यानं ट्रॉलर सांगितला. तिनं मान वर न करता विचारलं,

"तिच्यावर मानसं किती लागतान?"

"सात-आठ."

"आपल्या घरात किती हान?"

हसुरामनं विडी शोधायला खिसा चाचपला.

"जाल्यांना पैसं?"

"व्हतील."

"कुटून?"

हसुरामनं विडी पेटवली. मग तिनं कोळंबी खाली ठेवली, हात पदराला पुसले, आणि मुद्द्याचं विचारलं,

"भांगाला ती पट्ट्यावरून भायर निंगल का?"

बघा! इंजिन विचारलं नाही, पडदे विचारले नाहीत. एकच प्रश्न, पण सगळी होडी त्या प्रश्नात आली. ट्रॉलरला तरंगायला सव्वातीन हात पाणी लागतं. पट्ट्यावर भांगाला अडीच. दुसरीतला मुलगा सांगेल! आणि हसुरामला हे कळत नव्हतं? कळत होतं हो! म्हणून तर चिडला. ज्याला उत्तर येत नाही तो गप्प बसतो. ज्याला उत्तर येतं पण नको असतं तो ओरडतो.

"बाईच्या जातीला होडीतलं काय कलतंय?"

व्वा! जी बाई पहाटे उठून मासळी बाजारात नेते, कुठल्या होडीची मासळी ताजी आणि कुठल्या होडीची बर्फातली हे वासावरून सांगते, जिच्या जिभेवर ह्याचं घर चालतं — तिला काय कळतं! चांगुणा शांतपणे म्हणाली, "माज्या आईचा सोना त्या होडीत नाय जायाचा." आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागली. संपलं! नवऱ्यापुढं वाकणारी बाई नव्हती ती.

आता काय करावं? हसुरामनं विचार केला. बायको माझं ऐकत नाही. मग ती कोणाचं ऐकेल?

कळलं? कळलं ना? देवीचं ऐकेल!

मंडळी, माणूस असा देवळाची पायरी चढतो! भक्तीनं नाही, घरातला वाद जिंकायला!

मंगळवारी सकाळी हा देवळात हजर. शिवराम गुरव म्हातारा, हाडाचा गरीब, आंघोळ करून ओलेत्यानं उभा. कौल कसा लावतात ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. देवीच्या उजव्या अंगाला एक कळी, डाव्या अंगाला एक कळी, पाण्यानं चिकटवायची. गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर कर, डावी पडली तर करू नको. गुरवानं तगरीच्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं,

"आई जाखादेवी, तुझं लेकरू हसुराम विचारतंय, बंदरावरची मोठी होडी घेऊ का नको?"

आणि — टप्! गुरवाचे जोडलेले हात सुटायच्या आत डावी कळी खाली! एवढी घाई देवीनं आजवर कधी केली नव्हती. गुरव म्हणाला, "डावा पडला. नको म्हणते."

इथे माणूस काय करतो? नमस्कार करतो आणि घरी जातो. पण हा हसुराम!

"कली वली व्हती. नीट चिकाटलीच नाय."

"अरे, कळी ओलीच असते! पाण्यानंच लावतात!"

"पुन्ना लावा, दादा. मी नारल दोन देतंय."

दुसऱ्यांदा लावला. ह्या वेळी प्रश्नाला जरा पैलू पाडला, "आई, भाव कमी केला तर घेऊ का?" कळ्या जागच्या जागी. पाव तास गेला, अर्धा तास गेला. गुरवाच्या अंगावरचं पाणी वाळलं. एकही कळी हलेना.

हसुराम म्हणतो, "आई इच्यार करते."

अरे! त्रिभुवनाची माता, चंद्रसूर्य जिच्या आज्ञेत, आणि ती ट्रॉलरच्या भावावर अडली म्हणे! विचार करते! ती विचार करत नव्हती रे बाबा, ती तुझ्याकडे बघत होती. एकदा सांगितलेलं ह्याला कळतं का, एवढंच बघत होती.

हसुराम बाहेर जाऊन पायरीवर बसला. विडी ओढली. आणि तिथे त्याच्या डोक्यात असा प्रश्न आला की ज्याला देवीनंही 'हो' म्हणावं! उठला, आत आला, म्हणाला, "दादा, नवा धोतर बी देतंय, आता येवडाच इच्यारा — बंदरावरची होडी चांगली हाय का?"

बघा चलाखी! घेऊ का, हे गेलं. माझ्या खाडीत चालेल का, हे तर कधी नव्हतंच. फक्त — चांगली आहे का?

उजवी कळी पडली.

पडणारच! देवी खोटं बोलेल? होडी चांगलीच होती! मोठ्या बंदराला चांगली, आठ माणसांच्या घराला चांगली, ज्याच्याकडे जाळ्यांना पैसे उरतात त्याला चांगली. हा उड्या मारत बाहेर पडला. गुरव तोंड उघडणार होता. पण समोर दोन नारळ होते, नवं धोतर होतं, आणि नाखव्याचा चढलेला आवाज होता. गुरव गप्प बसला.

आणि घरी जाऊन हसुरामनं किती शब्द सांगितले? दोन! "उजवा पडला."

डावा गिळला. अर्धा तास गिळला. प्रश्न बदलला तो गिळला. दोन शब्द तेवढे बाहेर काढले!

चांगुणा उभी होती ती खाली बसली. दोन्ही कानांना हात लावले, टेकाडाकडे तोंड करून म्हणाली, "आई, माजा चुकला." आणि गळ्यातलं सोनं काढून नवऱ्याच्या हातावर ठेवलं. तो म्हणाला असता तर ठेवलं नसतं. देवी म्हणाली म्हणून ठेवलं! तिची मान उघडी पडली, तिथे सोन्याच्या जागी पांढरा वळ होता. हसुरामनं तो बघितला. बघून वर म्हणतो, "पान्याचा काय? आईनं कौल दिला, पानी बी आईच देल."

म्हणजे नवमीचं पाणी देवीनं वाढवायचं! चंद्रानं आपली वाट सोडायची, समुद्रानं तिथी विसरायची, कारण हसुरामनं मानाचा फेटा आणून ठेवलाय!

तर चैत्री पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीला, ट्रॉलर खाडीत आला. काय तो थाट! पताका, फुगे, पुढे ढोल-सनयांचा खालूबाजा, आणि केबिनच्या खिडकीत हसुराम, पडदा बाजूला सारून! पट्ट्यावरून होडी अशी सुळकन आत आली की हसुरामला वाटलं, झालं, बायकांच्या शंका उगाच. अरे, उधाणाला तर हत्तीसुद्धा पट्ट्यावरून पोहत येईल!

जाणत्यांनी दोरी लावली. हसुरामची होडी धर्माच्या होडीपेक्षा चार फूट लांब. मान हसुरामचा! धर्मा नाखवा पुढे आला. लोकांना वाटलं, भांडेल. तो म्हणाला,

"हसुराम, मान तुजा, माजा काय बोलना नाय. पन नवमीला भांग हाय. माजी होडी लांब हाय, पन बूड सपाट. तुजी खोल हाय. आदल्या दिशी रिकामी नेऊन बघ येकदा."

किती सरळ बोलला बिचारा! आणि हसुरामला काय ऐकू आलं? जळतोय! मिशीला पीळ देऊन म्हणाला, "मना आईचा उजवा कौल हाय." त्यावर कोण काय बोलणार? देवीचं नाव घेतलं की शहाणी माणसं गप्प बसतात. म्हणून तर लबाड माणसं पहिल्यांदा तेच घेतात!

आली नवमी. भांगाची भरती भरते संध्याकाळी सहा-साडेसहाला, पालखीची वेळही तीच. धक्क्याशी पाणी खोल, तिथे ट्रॉलर मजेत तरंगत होता. पालखी चढली, गुरव चढला, पाच मानकरी चढले, आठ जणांचा खालूबाजा ढोलांसकट चढला. आणि हसुराम वरून ओरडतोय, "या! या! जागा हाय!" चाळीस माणसं आणखी चढली. अरे, आधीच पाणी कमी, त्यात तू वजन चढवतोस? पण आज त्याला पाणी दिसत नव्हतं, फेटे दिसत होते. चांगुणा आरतीचं ताट घेऊन किनाऱ्यावर उभी राहिली. तिला ये म्हणायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

होडी निघाली. बाजा वाजतोय, गुलाल उडतोय, समोर खाडीचं तोंड. दामाजी इंजिनापासून ओरडला, "भाऊजी, बुडाला घासतंय!"

"वाडव! इंजिन वाडव!"

"भाऊजी, वालू लागली!"

"सहा शिलिंडर हान! वाडव बोलतंय ना!"

दामाजीनं वाढवलं. सहा सिलिंडरांनी आपलं काम चोख केलं, मंडळी. जी होडी नुसती घासत होती, ती वाळूत पक्की रोवून दिली! एक हिसका बसला, ढोलवाला ढोलावर, मानकरी ढोलवाल्यावर, आणि खालूबाजा बंद.

सगळे हसुरामकडे बघतायत. तो म्हणतो, "थांबा, भरती आजून येल."

येईल? साडेसहा होऊन गेले होते. कडेनं वाहणारा पाचोळा समुद्राकडे चालला होता. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला ओहोटी कळली नाही? पायांना कळली, डोळ्यांना कळली, तोंडाला तेवढी कळली नाही! पाणी उतरायला लागलं, आणि खोल बुडाची होडी वाळूवर एका अंगावर कलायला लागली. पालखी घसरली. शिवराम गुरवानं तिला मिठी मारली आणि म्हातारा बाळासारखा ओरडायला लागला, "आई पडते! आई पडते रे!"

तेवढ्यात मागून धर्माची सपाट बुडाची होडी आली. ती पट्ट्यावर येऊन बाजूला लागली, जशी रोज लागायची तशी.

"हसुराम, रस्सी टाक! आईला हिकडं दे!"

मंडळी, मला सांगा, तुम्ही असता तर? देवीची पालखी घसरतेय, म्हातारा रडतोय, पोरंबाळं किंचाळतायत. आणि हसुराम रस्सी हातात घेऊन उभा! टाकत नाही! कारण टाकली तर पालखी धर्माच्या होडीत जाणार! देवी पडली तरी चालेल, मान पडता कामा नये! हा ह्याचा भक्तिभाव! शेवटी त्या मुक्या दामाजीनं मेहुण्याच्या हातातून रस्सी ओढली आणि फेकली.

देवी धर्माच्या होडीत गेली. माणसं गेली. बाजेवाले ढोल घेऊन गेले. कललेल्या होडीत राहिले हसुराम, दामाजी आणि पडदे.

आता भांगाला रुतलेली होडी निघणार कधी? पुढच्या उधाणाला, अमावास्येला! सहा दिवस! सहा दिवस दर भरतीला लाट तिला उचलायची आणि वाळूवर आपटायची. कितीही चांगली होडी असो, असा मार खाऊन फळ्या धरतील का? अमावास्येचं पाणी चढलं, पण होडी वर आली नाही, पाणीच आत आलं. इंजिन काढून विकलं, लाकूड भंगारात गेलं. आलं ते डिझेलवाल्याला, रंगवाल्याला आणि बाजेवाल्याला पुरलं. आणि ती पलीकडच्या म्हाताऱ्याची बसक्या नाकाची होडी? ती केव्हाच दुसऱ्या कोणीतरी घेतली होती. तीही मिळाली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो, मंडळी. हसुराम बुडाला, तुम्ही हसलात, आरती करून घरी गेलो असतो. पण हसुरामचं खरं पाप होडीत नव्हतं. ऐका!

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा नारळ घेऊन देवळात गेली. मागे हसुराम, मान खाली घालून. चांगुणेनं देवीच्या पायाशी नारळ ठेवला, पदर पसरला आणि रडायला लागली. गुरवाला म्हणाली,

"दादा, गाऱ्हाना घाला. आईनं उजवा कौल दिला, पन मी मनात शंका धरली. सोना दिला पन मन नाय दिला. माज्यामुलं आई रागावली. माज्यामुलं या घरातून नाखवा गेला. आईला सांगा, मना काय ती शिक्षा दे, यांना नको."

मंडळी... त्या बाईनं सगळा दोष आपल्या पदरात घेतला. आणि हा? मागे उभा होता! दोन पावलांवर! एक शब्द बोलला असता — 'नाही गं, तुझं काही चुकलं नाही' — तर मी ह्याला माफ केलं असतं. हा गप्प! घेतेय ना ती दोष? घेऊ दे! अरे, होडी गेली, सोनं गेलं, अब्रू गेली, आणि आता बायकोचं मनही तिच्याच देवीपुढे कुस्करलं जाताना बघत उभा राहिलास? ह्याच्यापेक्षा ती वाळूत आपटणारी होडी बरी, ती निदान आवाज तरी करत होती!

शेवटी बोलला तो गुरव. त्यानं नारळ उचलून तिच्या पदरात परत ठेवला.

"पोरी, ऊठ. गाऱ्हाणं मी घालणार नाही. तुझं काही चुकलेलं नाही. पहिला कौल डावा पडला होता. हात जोडलेले होते, सुटलेसुद्धा नव्हते, तोवर डावा पडला. दुसऱ्याला आई बोललीच नाही. तिसऱ्याला ह्यानं प्रश्न बदलला, आणि मी लावला. धोतर घेतलं आणि लावला. माझंही तोंड काळं झालं."

चांगुणेचं रडणं थांबलं. तिनं नवऱ्याकडे वळून बघितलं. ओरडली नाही. म्हणाली,

"म्हंजी मी वट्यावर बसून जा बोलत व्हती, ताच आई हितं बोलत व्हती. तुमी आमच्या दोघींचा बी आयकला नाय."

बावन्न वर्षांचा गडी देवळाच्या फरशीवर मटकन बसला आणि ढसाढसा रडला. रडत रडत काय म्हणाला ठाऊक आहे? "दादा, कौल लावा. मी आता काय करू ता इच्यारा." अजून! अजून कौलच! चांगुणेनं गुरवाच्या हातातल्या कळ्या काढून घेतल्या.

"नको. हिला आता तुमच्या तोंडानं काय बी इच्यारू नका. उद्या पहाटं धर्माच्या होडीवर जा. मी बोलून आलंय."

"खलाशी म्हनून?"

"हां. खलाशी म्हनून."

आणि गेला, मंडळी. धर्माच्या होडीवर, ज्या पट्ट्यावर फेटा बांधून उभा राहिला होता त्याच पट्ट्यावरून, फाटकी जाळी खांद्यावर घेऊन. चांगुणेची मान उघडीच राहिली. पुढे घरात होडी आली का? आली, पण सात वर्षांनी. छोटी. आणि ती कोणी निवडली, हे मला सांगावं लागलं तर एवढा घसा कोरडा कशाला केला!

आता हसुरामला सोडा. तुमच्याकडे येतो.

सकाळी मी ह्या देवळात आलो तेव्हा कौलाला रांग होती. मी लांब उभा राहून ऐकलं. एक जण विचारत होता, भावाची जमीन माझ्या नावावर करून घेऊ का. डावा पडला. बाहेर जाऊन चहा पिऊन पुन्हा रांगेत! आहे तो आत्ता इथे, मी नाव घेत नाही, त्यानंही कान लाल करून घेऊ नयेत, लोक ओळखतील. आणि बाकीचे तुम्ही? पोरीचं स्थळ तिला नको होतं, पत्रिका पहिल्या गुरुजींनी जुळत नाही म्हणून परत दिली, मग दुसऱ्यांकडे नेलीत, तिसऱ्यांकडे नेलीत, तिसऱ्यांनी जुळवली. पोरीला घरी येऊन काय सांगितलंत? 'गुरुजी हो म्हणाले!' किती गुरुजी? कितवे गुरुजी? सांगितलंत? ती पोर तुमच्या शब्दावर नाही उभी राहिली बोहल्यावर, देवाच्या शब्दावर उभी राहिली! आणि आज सासरी काही झालं की ती बिचारी आपल्याच नशिबाला बोल लावते. आपलाच काहीतरी दोष असेल म्हणते. तुम्ही ऐकता. गप्प बसून ऐकता!

मीही धुतल्या तांदळातला नाही. दक्षिणा वाढली तर आख्यान बदलणारे कीर्तनकार मी पाहिलेत, आरशातही पाहिलाय एक. पण आज एवढं सांगून जातो. कौल लावा, पत्रिका दाखवा, नवस बोला, मी अडवत नाही. पण डावा पडला तर घरी जाऊन डावा पडला म्हणून सांगा. सगळा सांगा, पहिल्यापासून सांगा. आणि तेवढी हिंमत नसेल, घरच्यांना फसवायचंच असेल, तर स्वतःच्या नावावर फसवा. तेवढा तरी मर्दपणा दाखवा. देवीचं नाव मधे आणू नका, कारण तुमच्या घरातली ती भोळी बाई तुमच्यावर नाही, तिच्यावर विश्वास ठेवून गळ्यातलं काढून देते.

उठा, आरतीला उठा. आणि ज्यानं घरी अर्धा कौल सांगितलाय, त्यानं आज आरतीचं ताट धरू नये. ते घरच्या बाईच्या हातात द्यावं आणि मागे उभं राहावं.